पाहिले सगळे, लिहिता आले नाही

वाचकाचे पत्र

आदरणीय सर,

मी मराठवाड्यातील एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सेकंड एमबीबीएसला आहे. दहावीपर्यंत माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले. इंग्रजी पुस्तक वाचताना वेळ फार लागतो, म्हणून पहिल्या वर्षापासून मी मोफत व्हिडिओंवर अभ्यास करते. रोज चार ते पाच तास पाहते आणि वेळ वाचावा म्हणून दुप्पट गतीने पाहते. सकाळच्या वॉर्ड पोस्टिंगमध्ये नुसते उभे राहावे लागते, त्यामुळे पुष्कळदा हजेरी लावून हॉस्टेलवर येते आणि राहिलेले व्हिडिओ संपवते. तरीही पहिल्या इंटर्नलमध्ये पॅथॉलॉजी आणि फार्माकॉलॉजी या दोन्ही विषयांत मी नापास झाले. ॲनिमियाचा प्रश्न आला होता. तो विषय मी तीन वेगवेगळ्या चॅनेलवर पाहिला होता, पण कागदावर चार ओळींपुढे लिहिता आले नाही. माझ्या दोन्ही रूममेट्सनी पैसे भरून ॲप घेतले आहे. बाबा शेती करतात. कर्ज काढून तुलाही घेऊन देतो, असे ते म्हणतात. एक सिनियर त्याच ॲपची लेक्चर्स टेलिग्रामवरून फुकट मिळवून देतो म्हणाला. विभागप्रमुख मात्र म्हणतात की मोबाईलवर शिकून कोणी डॉक्टर होत नसते. मोफत साधनांवर अभ्यास पुरा होऊच शकत नाही का? मी काय करावे?

उत्तर

आधी कर्जाचा विषय मिटवू या. या वर्षी तरी वडिलांना कर्ज काढू देऊ नका. पैसे भरून घेतलेल्या ॲपमध्ये काहीच अर्थ नसतो, असे मी म्हणणार नाही. त्यात विषयांचा क्रम लावून दिलेला असतो आणि प्रश्नसंच मोठा असतो, आणि पुढे इंटर्नशिपमध्ये पदव्युत्तर प्रवेशाच्या २०० बहुपर्यायी प्रश्नांची तयारी करताना या दोन गोष्टींसाठी पैसे मोजावेत असे तुम्हाला कदाचित वाटेलही. तेव्हाचा निर्णय तेव्हा घ्या. आज तुम्ही अडखळला आहात त्या परीक्षेत कोऱ्या कागदावर स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहायचे असते, आणि तीन चॅनेलवर पाहिलेला विषय चार ओळींत संपत असेल, तर चौथे चॅनेल विकत घेऊन पाचवी ओळ सुचणार नाही.

तुमचे काय झाले असावे ते सांगतो. उत्तम शिकवणाऱ्याचा व्हिडिओ पाहताना प्रत्येक वाक्य पटत जाते, आकृती डोळ्यांसमोर उमलत जाते आणि आपल्याला हे समजले अशी मनाची खात्री होते. ती खात्री खोटी नसते, समजलेले असतेच. पण समजणे आणि आठवून मांडता येणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि तुम्ही दिवसाचे पाच तास केवळ पहिलीवर खर्च करता. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली याविषयी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुनःपुन्हा वाचला, तर काहींनी तो वाचून बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुनःपुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. या प्रयोगातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. आपल्याला आठवड्यानंतर किती आठवेल, असा अंदाज मुलांना आधीच विचारला होता, आणि नुसते वाचणाऱ्यांचा स्वतःवरील विश्वास जास्त होता. रात्री बारा वाजता पाचवा व्हिडिओ संपवून समाधानाने झोपणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याची स्थिती हीच असते. दुप्पट गतीने ती सुधारत नाही, हे तर उघडच आहे.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे की हातात प्रश्न असल्याशिवाय व्हिडिओ उघडू नका. ते कसे करायचे, हे तुम्ही नापास झालात त्याच विषयावर पाहू.

उद्या संध्याकाळी मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, एक कोरा कागद घ्या आणि ॲनिमियाच्या वर्गीकरणावर वीस मिनिटे जे आठवेल ते लिहा. भाषा कोणतीही चालेल. मराठीत इंग्रजी संज्ञा मिसळून लिहिले तरी हरकत नाही. लाल पेशींचा आकार लहान, नेहमीचा किंवा मोठा, अशा तीन शाखा तुम्ही बहुधा पाडाल. लहान आकाराच्या शाखेत लोहाची कमतरता आणि थॅलेसेमिया हे दोन्ही येतात इथपर्यंत आठवेल, आणि मग हात थांबेल. दोघांना वेगळे कसे ओळखायचे? जुनाट दाहामुळे होणाऱ्या ॲनिमियात शरीरात लोह असूनही ते अस्थिमज्जेला का मिळत नाही? लोहाचा साठा दाखवणारे सीरम फेरिटिन लोहाच्या कमतरतेत कमी आणि दाहाच्या ॲनिमियात नेहमीचे किंवा वाढलेले का असते? हात जिथे थांबला तिथे हे प्रश्न कागदाच्या समासात लिहून ठेवा. आता तुमच्याकडे तीन प्रश्न आहेत. आता पुस्तक उघडा आणि पुस्तकातील परिच्छेद कळला नाही तरच व्हिडिओ लावा, तोही सबंध दीड तासाचा नव्हे, तर त्यातील हेपसिडिन या लोहाचे नियमन करणाऱ्या संप्रेरकाचा भाग तेवढा. दाह असताना यकृत हेपसिडिन जास्त तयार करते आणि त्यामुळे पेशींमधून लोह बाहेर पडण्याचे दार बंद होते, एवढे सात मिनिटांत कळेल आणि कळले की व्हिडिओ बंद करायचा. दुसऱ्या दिवशी वॉर्डात ज्या रुग्णाचे हिमोग्लोबिन कमी आहे त्याचा सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, कागद रेसिडेंटला विचारून पाहा. एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार किती आहे, लाल पेशींची संख्या दशलक्षांत किती आहे, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागल्यावर उत्तर तेराच्या खाली येते की वर, हे स्वतः काढा; खाली आले तर थॅलेसेमिया ट्रेटची, म्हणजे वाहक असण्याची, शंका घ्यायची असते. तीन दिवसांनी पुन्हा कोरा कागद. या वेळी दोन पाने भरतील, आणि पुढच्या इंटर्नलला तेच कामी येईल.

यात व्हिडिओचा वाटा किती, तर सात मिनिटे. मोफत साधने अपुरी आहेत का, या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की ती गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहेत आणि अडचण तिथूनच सुरू होते. मी शिकत होतो तेव्हा ग्रंथालयात पॅथॉलॉजीच्या संदर्भग्रंथाच्या दोन प्रती होत्या आणि त्यांतील एकीची मधली पाने कोणी तरी ब्लेडने कापून नेलेली होती. आज तुम्ही ज्या खोलीत बसून हे वाचत असाल तिथे जगातील उत्तम स्लाइड्स पाहता येतात, आणि तरीही तुम्ही व्याख्यानेच पाहत बसता, याचे मला नवल वाटते. सेकंड एमबीबीएसच्या विद्यार्थ्याने अमेरिकेतील युटा विद्यापीठाचे वेबपाथ हे संकेतस्थळ पाहिलेच पाहिजे. तिथे रोगग्रस्त अवयवांची आणि सूक्ष्मदर्शकाखालील ऊतींची चित्रे विषयवार लावलेली आहेत आणि सोबत प्रश्नही आहेत. चित्र पाहायचे, खालची ओळ हाताने झाकायची, काय दिसते ते वहीत लिहायचे आणि मग हात काढायचा. परजीवींसाठी अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेचे डीपीडीएक्स हे पान मला कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा सरस वाटते. अमीबापासून हत्तीरोगाच्या जंतापर्यंत प्रत्येकाचे जीवनचक्र तिथे एका आकृतीत मिळते, आणि ती आकृती दोनदा पाहून तिसऱ्यांदा न पाहता काढता आली की मायक्रोबायोलॉजीच्या वायवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, अर्धी भीती जाते. एक्स-रे आणि सीटीसाठी मेलबर्नचे रेडिओलॉजिस्ट फ्रँक गेलार्ड यांनी २००५ साली सुरू केलेले रेडिओपीडिया हे संकेतस्थळ आहे; त्याची खरी गरज तुम्हाला पुढील वर्षी पडेल, आत्ता न्यूमोनिया आणि क्षयाचे चार एक्स-रे पाहिले तरी पुरे.

शरीररचनेत कच्चे राहिले असेल, तर ग्रे यांच्या ‘ॲनाटॉमी’ या प्रसिद्ध ग्रंथाची १९१८ सालची अमेरिकन आवृत्ती स्वामित्वहक्कातून मुक्त झालेली असल्याने पूर्ण मोफत वाचता येते. तिच्यातील मजकूर आता जुना वाटेल, आकृत्या मात्र आजही डोळ्यांत भरतात. या ग्रंथाच्या १८५८ सालच्या पहिल्या आवृत्तीतील मूळ चित्रे हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी काढली. ते त्याच वर्षी मुंबईला आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागले आणि नंतर साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. तेव्हा तो ग्रंथ आपल्याला वाटतो तितका परका नाही. आकृती नुसती पाहू नका, पेन्सिलीने काढा.

वाचायला इंग्रजी जड जाते, ही अडचण मी हलकी मानत नाही. पण व्हिडिओ हा तिच्यावरचा उपाय नाही. तो ती अडचण पुढे ढकलतो, कारण परीक्षेत ऐकायचे नसते, लिहायचे असते. सोप्या, सरळ इंग्रजीपासून सुरुवात करायची असेल, तर राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स या प्रकल्पाचे शरीररचना आणि शरीरक्रियेचे पुस्तक मोफत उतरवून घेता येते. त्याची पातळी एमबीबीएसपेक्षा खालची आहे, आणि तुमच्या कामासाठी तोच त्याचा गुण आहे. रोज त्यातील किंवा तुमच्या पाठ्यपुस्तकातील दोन पाने मोठ्याने वाचा आणि त्यांचा आशय पाच इंग्रजी वाक्यांत लिहा. पहिला महिना कंटाळवाणा जाईल, दुसऱ्या महिन्यात वेग वाढलेला जाणवेल. खान अकादमीचे वैद्यकशास्त्राचे व्हिडिओही सोपे आहेत, पण त्यांतील बरेचसे अमेरिकेतील वैद्यकीय प्रवेश परीक्षेची आणि परिचारिकांच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांसाठी बनवलेले आहेत, हे ध्यानात ठेवून पाहावेत.

इथे एक गोष्ट मला जरा विस्ताराने सांगावीशी वाटते, कारण मोफत साधनांवर वाढलेल्या मुलांची उत्तरे तपासताना माझी सर्वांत जास्त लाल शाई तिथे खर्च झाली आहे. प्रत्येक व्हिडिओ कोणत्या तरी देशातील रुग्णांसाठी आणि कोणत्या तरी वर्षी बनवलेला असतो. क्षयरोगाचे उदाहरण घ्या. परदेशी व्हिडिओत सांगतात की पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने आयसोनियाझिड व रिफाम्पिसिन ही दोन. भारतात आयसोनियाझिडला होणारा प्रतिरोध लक्षात घेऊन राष्ट्रीय कार्यक्रमात पुढच्या चार महिन्यांतही इथॅम्ब्युटॉल सुरू ठेवतात, म्हणजे तीन औषधे होतात. भारतीय व्हिडिओ पाहिला तरी सुटका होतेच असे नाही. तो २०१७ च्या आधीचा असेल तर त्यात आठवड्यातून तीनदा औषध देण्याची पद्धत शिकवलेली असेल, आणि ती बंद होऊन आता रोज औषध दिले जाते. कार्यक्रमाचे नावही २०२० मध्ये बदलले. अशी उत्तरे लिहिणारा विद्यार्थी आळशी नसतो. त्याने मनापासून अभ्यास केलेला असतो, पण चुकीच्या गावच्या पाटीकडे पाहून.

रक्तदाबाचेही तसेच आहे. अमेरिकेतील संस्थांनी २०१७ मध्ये १३०/८० पासून पुढे उच्च रक्तदाब मानायला सुरुवात केली, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शनात औषधोपचारासाठी १४०/९० हीच रेषा ठेवली आणि आपला राष्ट्रीय कार्यक्रमही तीच धरतो. ब्रिटिश व्हिडिओत जेवणानंतरची रक्तशर्करा ११.१ आहे असे ऐकून गोंधळू नका. ते वेगळे एकक आहे आणि त्याला १८ ने गुणले की आपल्या लॅबच्या कागदावरचे २०० येतात. फार्माकॉलॉजीत अमेरिकन शिक्षक ज्याला ॲसिटामिनोफेन म्हणतात ते आपले पॅरासिटामॉल, त्यांचे एपिनेफ्रिन म्हणजे आपले ॲड्रिनॅलिन आणि त्यांचे अल्ब्युटेरॉल म्हणजे आपले साल्ब्युटॅमॉल. वायवाला परीक्षकांसमोर अल्ब्युटेरॉल म्हटलेत तर बाहेरचा परीक्षक तुमच्याकडे पाहून हसेल, आणि ते हसू कौतुकाचे नसेल. पुढच्या वर्षी न्यायवैद्यकशास्त्र शिकाल तेव्हा तर तारीख पाहिल्याशिवाय एकही व्हिडिओ लावू नका, कारण १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूचे कलम ३०४-अ होते ते आता १०६ आहे, आणि पोलिसांच्या मृत्यू-चौकशीचे फौजदारी प्रक्रिया संहितेतील जुने कलम १७४ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १९४ झाले आहे. जुने व्हिडिओ मात्र तसेच आहेत आणि त्यांनाच प्रेक्षक जास्त आहेत.

केवळ आकडे आणि नावे वेगळी असती तर एक तक्ता करून भागले असते, पण काही रोगच त्या व्हिडिओंत नसतात किंवा असले तरी वेगळ्या चेहऱ्याने असतात. सिकलसेलविषयी अमेरिकन व्हिडिओ पाहिला तर तो आफ्रिकी वंशाच्या लोकांचा आजार आहे असाच समज होतो. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात तो घरोघरी माहीत आहे, आणि आपल्याकडील प्रकारात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण जास्त राहत असल्याने पुष्कळ रुग्णांत त्याचे स्वरूप तुलनेने सौम्य असते. विंचूदंशाचे उदाहरण तर आपल्या घरचे आहे. लाल विंचवाच्या विषाने शरीरात कॅटेकोलमाइन्सचे, म्हणजे ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचे, वादळ उठते, हृदय दमते आणि फुप्फुसांत पाणी भरते. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी हे रुग्णांच्या उशाशी बसून टिपले, १९८२ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि पुढे प्राझोसिन या औषधाने मृत्यू टाळता येतात हे त्यांनी दाखवून दिले. प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिल्यास रुग्ण लवकर बरा होतो का, हे तपासणारा त्यांचा ७० रुग्णांवरील अभ्यास २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला, आणि तो कोणालाही मोफत वाचता येतो. प्राझोसिन ज्या वर्गात येते त्या अल्फा ब्लॉकर्सचा धडा वाचताना सोबत तो निबंध उघडा. एका औषधाचा वर्ग, त्याची क्रिया, मात्रा आणि तुमच्याच मुलखातील रुग्ण हे सगळे दहा पानांत एकत्र सापडेल, आणि शोधनिबंध कसा वाचायचा याचा पहिला धडाही गिरवून होईल.

आपल्याकडच्या उपचारांची खात्री करून घ्यायला भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे प्रमाणित उपचार-आराखडे २०१९ पासून मोफत उपलब्ध आहेत. एकेका आजाराचा आराखडा एका पानावर असतो. औषधे पाठ करताना २०२२ च्या राष्ट्रीय आवश्यक औषध यादीतील ३८४ औषधे आधी करा, उरलेली नंतर. परळच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालयातून १९५५ पासून निघणारे जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिनही मोफत वाचता येते. दुसऱ्या वर्षाला ते जरा जड आहे, पण महिन्यातून एक केस रिपोर्ट वाचायला हरकत नाही. शासकीय महाविद्यालयांसाठी जानेवारी २०२५ पासून केंद्राची वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही योजनाही सुरू आहे. तिच्यातून कोणती नियतकालिके मिळतात ते तुमच्या ग्रंथपालांना विचारून ठेवा.

आता वॉर्डाविषयी. तुमच्या पत्रातील ज्या गोष्टीने मला खरोखर अस्वस्थ केले ती नापास होणे नव्हे, तर हजेरी लावून हॉस्टेलवर परत येणे ही आहे. पोस्टिंगमध्ये नुसते उभे राहावे लागते, हे मी नाकारत नाही. मीही उभा राहिलो आहे आणि पुढे शिक्षक झाल्यावर मुलांना उभे करण्याचे पापही माझ्या हातून घडले आहे. पण राउंड अकरा वाजता संपतो आणि त्यानंतर रुग्ण तिथेच असतो, कंटाळलेला असतो आणि कोणीतरी पाच मिनिटे बोलावे अशी त्याची इच्छा असते. इंग्लंडमधील विद्यार्थ्यांसाठी बनवलेले हिस्ट्री घेण्याचे, म्हणजे रुग्णाला विचारून आजाराची माहिती घेण्याचे, मोफत व्हिडिओ उत्तम आहेत, त्यांतील क्रम आणि शिष्टाचार जरूर शिका. पण तुमच्या वॉर्डातील आजी ताप आहे असे म्हणणार नाही. ती म्हणेल की अंगात कसर आहे, किंवा दिवस मावळला की कणकण येते, आणि संध्याकाळी चढणारा ताप म्हणजे काय ते तिच्या त्या एका वाक्यातून तुम्हाला जन्मभरासाठी कळेल. छातीत कळ येते, बरगडीत चमक निघते, गळू ठणकते, पायाला मुंग्या येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, अंगावरून पांढरे जाते, पोटात गोळा उठतो: यांतील प्रत्येक शब्द वेगळे लक्षण सांगतो आणि वेगळ्या निदानाकडे नेतो. कळ आणि चमक यांतला फरक जगातील कोणताही व्हिडिओ शिकवू शकत नाही. मराठी माध्यमाचे तुम्हाला ओझे वाटते, पण या जागी ते तुमचे भांडवल आहे. शहरी शाळांतून आलेल्या तुमच्या रूममेट्सना कसर म्हणजे काय ते तुम्हालाच विचारावे लागेल. एक लहान वही खिशात ठेवा, रुग्णाचा शब्द डावीकडे आणि त्याची वैद्यकीय संज्ञा उजवीकडे लिहा. आणि रोज वॉर्डातून निघताना एक प्रश्न घेऊन निघा. संध्याकाळचा व्हिडिओ त्या प्रश्नासाठी असू द्या.

टेलिग्रामच्या लेक्चर्सविषयी थोडक्यात लिहितो. आपल्या भाषेत मोफत आणि फुकट असे दोन शब्द आहेत, आणि निदान या बाबतीत तरी मी त्यांत भेद करतो. ज्याने बनवले त्याने आपणहून दिले ते मोफत. त्याने विकायला ठेवलेले कोणी तरी उचलून वाटले ते फुकट. आयत्या बिळावर नागोबा होऊ नका, हा झाला नीतीचा भाग. व्यवहाराचा भाग असा की त्या फायली अर्धवट आणि जुन्या असतात, त्यांत पुढे झालेल्या दुरुस्त्या नसतात, आणि तीनशे तासांची लेक्चर्स मोबाईलमध्ये साठली की अभ्यास झाल्यासारखे वाटू लागते. तुमचा मूळ आजार तोच आहे; त्यावर त्याच औषधाची मोठी मात्रा घेऊ नका.

उजळणीसाठी अँकी हे कार्डांचे साधन संगणकावर आणि अँड्रॉइडवर मोफत आहे, आणि इंटरनेट नसतानाही चालते, त्यामुळे हॉस्टेलच्या वायफायवर अवलंबून राहावे लागत नाही. मात्र सिनियर्सकडून हजारो कार्डांचा तयार संच घेऊ नका. त्यांतील बरेच अमेरिकेतील परीक्षांसाठी बनवलेले आहेत आणि पंधरा दिवसांत थकलेल्या कार्डांचा डोंगर उभा राहतो. रोज स्वतः केलेली दहा ते पंधरा कार्डे पुरेत, आणि ती समासात लिहिलेल्या तुमच्या प्रश्नांतूनच येऊ द्या. चॅटबॉटला शंका विचारत असाल तर विचारा, कठीण परिच्छेद सोपा करून घ्यायला त्याचा उपयोग होतो. पण औषधाची मात्रा, कलम क्रमांक आणि संदर्भ या तीन गोष्टी त्याच्या तोंडून कधीही घेऊ नका, कारण त्याला ठाऊक नसले तरी तो ठामपणे उत्तर देतो.

राहता राहिले तुमचे विभागप्रमुख. मोबाईलवर शिकून डॉक्टर होत नाही, हे त्यांचे वाक्य अर्धे खरे आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी त्यांच्याशी वाद घालू नका. तुम्ही लिहिलेले ॲनिमियाचे दोन पानी उत्तर घेऊन त्यांच्या खोलीत जा आणि यात काय राहिले, असे विचारा. नापास झालेला विद्यार्थी स्वतःहून उत्तर लिहून आणतो, हे शिक्षकाच्या नोकरीत फार क्वचित घडते. ते दहा मिनिटे तरी देतील, आणि ती दहा मिनिटे कोणत्याही ॲपमध्ये मिळत नाहीत. बाबांना फोन कराल तेव्हा ॲप आत्ता नको एवढेच सांगा. आणि वॉर्डात जाताना मोबाईल नेलात तर तो खिशातच असू द्या. रुग्णाचा, त्याच्या जखमेचा किंवा त्याच्या रिपोर्टचा फोटो काढून बॅचच्या ग्रुपवर टाकण्याची जी पद्धत हल्ली पडली आहे, तिच्यात तुम्ही पडू नका. सीबीसीचे आकडे वहीत लिहून घ्या, नाव लिहू नका.